वेगळा स्वयंपाक नको, आधी वाण्याची यादी आणा

प्रश्न सांगलीतल्याच एका ताईंचा आहे. थोडक्यात असा: "वय ४३, उंची ५ फूट २ इंच, वजन ७२ किलो. गेल्या वर्षी भात-चपाती बंद केली, रात्री नुसती फळं खाल्ली. दोन महिन्यांत ६ किलो उतरले आणि दिवाळीपर्यंत ७ परत आले. घरात पाच माणसं. आम्ही दोघं, सासूबाई आणि दोन मुलं. मिस्टरांचं दुकान आहे, त्यामुळे जेवायला रात्रीचे दहा वाजतात. माझ्यापुरतं वेगळं करणं जमत नाही, ओट्स घरात कुणाला आवडत नाहीत. रोज जे शिजतं त्यातच काय करता येईल? मिस्टर म्हणतात जिम लाव. लावू का?"

ताई, वेगळं करूच नका. बावीस वर्षं मी आहारसल्ला देते आहे, आणि घरातल्या बाईचं स्वतःपुरतं वेगळं पातेलं तीन-चार आठवड्यांच्या वर टिकलेलं मी फार क्वचित पाहिलंय. पाहुणे येतात, मुलांची परीक्षा येते, सासूबाईंचा गुडघा दुखतो, आणि सगळ्यांत आधी बंद काय पडतं तर ते पातेलं. तेव्हा पाचजणांसाठी जे होतं तेच तुम्ही खायचं. बदलायचं ते माप, आणि थोडी वेळ.

आधी त्या ६ किलोंचं बघू, कारण ते परत का आले हे कळल्याशिवाय तुमचा पुढच्या कशावरच विश्वास बसणार नाही. आपलं शरीर थोडी साखर यकृतात आणि स्नायूंत साठवून ठेवतं. तिच्या दर ग्रॅमबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणीही साठतं. भात-चपाती एकदम बंद केली की हा साठा संपतो आणि पाणी निघून जातं. पहिल्या आठवड्यात काटा दोन किलो खाली आला म्हणून आपण पेढे वाटायच्या बेतात असतो, पण त्यातली चरबी थोडीच असते. पुढे रात्री नुसती पपई आणि सफरचंद खाल्ल्यावर प्रथिनं कुठून मिळणार? मग स्नायू झिजले. खाणं पूर्ववत झालं तेव्हा पाणी लगेच भरलं, चरबीही आली, स्नायू मात्र आपोआप परत येत नाहीत. त्यामुळे आजचे ७२ हे गेल्या वर्षीच्या ७१ पेक्षा नुसते किलोभर जास्त नाहीत, जरा वाईटही म्हणायचे. यात भाताचा काही दोष नव्हता.

आता माप. माझ्याकडे कुणी नवीन आलं की काट्यावर उभं करण्याआधी मी महिन्याची किराण्याची यादी मागते. काय खाल्लं ते वहीत लिहायला सांगितलं की माणसं चांगली-चांगली उत्तरं लिहितात. वाण्याची यादी कुणाची भीड ठेवत नाही.

तेल बघा. पाच माणसांच्या घरात ५ लिटरचा कॅन आणि वर एखादी लिटरची पिशवी, असं ६ लिटर तेल आपल्याकडे सहज लागतं. म्हणजे माणशी १२०० मिली, वजनात १०९० ग्रॅमच्या आसपास, दिवसाला ३६ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यात २००० कॅलरीच्या दिवसभराच्या आहारात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलंय. पाचजणांचा हिशेब केला तर महिन्याला साडेचार लिटर, तेही तूप-लोणी त्यात धरून. कॅन आणाल त्या दिवशी त्याच्यावर स्केचपेनने तारीख घाला. फोडणीला कॅनमधून सरळ धार सोडायची सवय असेल तर ती मोडा. छोट्या बरणीत रोजचं तेल चमच्याने काढून ठेवा आणि तेवढ्यात दोन्ही वेळचं भागवा. पहिला आठवडा भाजी करपेल की काय असं वाटतं. झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजवली की करपत नाही.

साखरेचं तसंच. महिन्याला ५ किलो साखर म्हणजे माणशी दिवसाला ३३ ग्रॅम, आणि बिस्किटं, गूळ, सरबत वेगळंच. २५ ग्रॅमच्या आत सगळं बसायला हवं, असं ही संस्थाही सांगते आणि जागतिक आरोग्य संघटनेचा कलही तिकडेच आहे. आपल्या गावात चहा हा पाहुणचार आहे, तो सोडा असं मी म्हणत नाही. दिवसाचे चार कप, दोन-दोन चमचे साखर, म्हणजे ४० ग्रॅम. दोनच कप ठेवा, किंवा चारही ठेवून साखर निम्मी करा. वीस ग्रॅम म्हणजे ८० कॅलरी तिथेच वाचतात. आणि हो, गुळाचा चहा. सांगलीत गुळाची एवढी पेठ असताना हे बोलणं धाडसाचं आहे, पण वजनाच्या दृष्टीने गूळ आणि साखर एकाच माळेचे मणी आहेत. चवीसाठी घ्या, औषध म्हणून घेऊ नका.

शेंगदाण्याला मात्र यादीतून काढू नका. आपल्याकडे कूट नाही अशी भाजी शोधून सापडत नाही, आणि दाण्यात पाव भाग प्रथिनं असतात. निम्मा भाग तेल असतं एवढं फक्त लक्षात ठेवायचं. भाजीत कूट भरपूर घातलंय ना, मग फोडणीचं तेल कमी. दोन्ही हात सैल सोडायचे नाहीत.

यादीनंतर येतं ताट, आणि ताटात सगळ्यांत फसवा शब्द म्हणजे "एक". काही वर्षांपूर्वी बुधगावकडच्या एक काकू आल्या होत्या. शुगर वाढलेली, वजन ८० च्या पुढे. म्हणाल्या, "मी दोन्ही टायमाला एकच भाकरी खाते वो, तरी उतरंना." पुढच्या वेळी मी त्यांना घरून पीठ घेऊन बोलावलं. क्लिनिकच्या मागे छोटंसं स्वयंपाकघर आहे, तिथे त्यांना नेहमीसारखी भाकरी करायला सांगितली. काकूंनी परातीत दोन ओंजळी पीठ घेतलं. मी म्हटलं, थांबा, आधी काट्यावर ठेवू. ११५ ग्रॅम भरलं. मग पाणी घालून त्यांनी असं मळलं की बघत राहावं, आणि थापलेली भाकरी तव्याच्या काठाला जाऊन टेकली. साधारण ३८० कॅलरीची ती "एक" भाकरी. माझ्याकडे ३० ग्रॅम कणकेचे तेल न लावलेले फुलके मोजले तर तीन फुलके मिळून त्याच्याहून कमी भरतात. काकू काट्याकडे आणि भाकरीकडे आळीपाळीने बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "म्हंजे माझी एक म्हंजे दोन व्हय?"

तेव्हापासून त्या ५५ ते ६० ग्रॅम पिठाची भाकरी करतात. तळहात आणि बोटं पसरून हात ठेवला की त्याच्या जरा बाहेर जाईल एवढी. तुम्हीही एकदाच, फक्त एकदाच, घरची भाकरी, चपाती आणि भाताची वाटी काट्यावर ठेवून बघा. रोज मोजत बसायचं नाही, त्याने जेवणाची मजा जाते. डोळ्याला एकदा माप कळलं की पुरतं. भाकरी चपातीपेक्षा हलकी असते हे पिठाच्या वजनाला धरून खरं नाही. ज्वारीचा फायदा दुसराच आहे: चावून खावी लागते, पोटात जास्त वेळ राहते आणि तेल मागत नाही. जत-आटपाडीची शाळू मिळत असताना बाहेरगावचं महागडं धान्य आणायची गरज तर अजिबात नाही.

भाताचं म्हणाल तर खा. शिजलेला भात १०० ग्रॅमला १३० कॅलरी देतो, त्यात भिण्यासारखं काही नाही. आपली अडचण अशी की भाकरीचं पूर्ण जेवण झाल्यावर भाताचं दुसरं जेवण सुरू होतं. ज्या वेळी भात, त्या वेळी भाकरी अर्धी, एवढा सौदा करा.

कोशिंबीर ताटात चटणीशेजारी चमचाभर वाढली जाते, जणू शोभेला. ती आधी वाटीभर खा, मग भाजी-उसळ, आणि भाकरीला हात शेवटी लावा. जेवणानंतरची साखर या क्रमाने कमी चढते आणि भाकरीही आपोआप अर्धी कमी लागते. काकडी, मुळा, गाजर, कांद्याची पात, मेथीची घोळाणी, जे मंडईत स्वस्त असेल ते. दिवसाला ४०० ग्रॅम भाजी म्हणजे पाचजणांना दोन किलो! हे ऐकून लोक हसतात. एकदम जमणार नाही. आत्ता जेवढी आणता त्याच्या दीडपट आणा.

आता मी जे सांगणार आहे ते बहुतेक बायकांच्या वहीत कधीच नसतं. रात्री सव्वादहा. सगळ्यांची जेवणं झालीत, ओटा आवरायचाय. पातेल्याच्या तळाशी दोन घास भात, कढईत चमचाभर भाजी, धाकट्याच्या ताटात चपातीचा चतकोर. फ्रीजमध्ये ठेवायला फार कमी, टाकायला फार जास्त. मग उभ्या-उभ्याच भातावर आमटीचा तळ ओतून दोन घास खाल्ले जातात, पातेलं बोटाने पुसून घेतलं जातं आणि घासायला टाकलं जातं. ते जेवण मोजलं जात नाही, कारण ते जेवण नव्हतंच, ती आवराआवर होती. माझा मुलगा लहान असताना मी स्वतः हेच करत होते, लोकांना आहार लिहून देत असताना. वर्षभरात ५ किलो वाढले तेव्हा लक्षात आलं. तो भात १०० ग्रॅम असला तरी १३० कॅलरी झाल्या, रोजच्या.

अन्न टाकू नका असंच आपल्याला शिकवलंय आणि ते बरोबर आहे. पण आपलं पोट म्हणजे उरलंसुरलं ठेवायचा डबा नव्हे. दोन छोटे झाकणाचे स्टीलचे डबे फक्त याच कामाला ठेवा. उरलेलं गरम असतानाच त्यात काढा, निवलं की लगेच फ्रीजमध्ये. सकाळी फोडणीचा भात किंवा भाकरीचा कुस्करा, आणि तो सगळ्यांच्या नाश्त्यात. एक मूठ तांदूळ कमी लावायला लागलात की पंधरा दिवसांत हा प्रश्नच उरत नाही. मुलांच्या ताटात आधी कमी वाढा. मागितलं तर पुन्हा वाढता येतं.

तुमच्या दहाच्या जेवणाचं बघू. दुपारी एकला जेवलात तर मध्ये नऊ तास. या नऊ तासांत माणूस उपाशी राहत नाही, तो भडंग खातो. आणि आपलं भडंग! डब्यात हात गेला की बाहेर येताना मूठ भरूनच येतो. चुरमुरे हलके, पण त्याला लागलेलं तेल आणि शेंगदाणे हलके नसतात, आणि टीव्हीसमोर डबा मांडीवर असला की मुठी मोजायच्या कुणी? भडंग बंद करू नका, वाटीत घ्या, डबा फळीवर ठेवून मग बसा. त्याच्या आधी, साडेपाचच्या सुमाराला, पोटाला आधार होईल असं काहीतरी खाऊन घ्या: मूठभर फुटाणे, उकडलेलं अंडं, पेरू आणि ग्लासभर ताक, मोड आलेल्या मटकीवर कांदा-लिंबू. यातलं कुठलंही एक-दोन.

आणि रात्रीचं जेवण मुलांबरोबर आठला उरकून घ्या. मला माहीत आहे, मिस्टरांच्या आधी जेवणं हा काही घरांत अजून नाजूक विषय असतो. सासूबाईंना तुमच्या बाजूने घ्या; त्यांच्या वयाला लवकर जेवणं बरंच, त्यांना सोबत होईल. मिस्टर दहाला आले की त्यांच्याशेजारी ताकाचा ग्लास घेऊन बसा, त्यांना वाढा, गप्पा मारा. फक्त समोर दुसरं ताट नको. बऱ्याच नवऱ्यांना बायकोने ताट घेतलं नाही हे कळतही नाही, खरं सांगते.

प्रथिनांकडे जरा जास्त लक्ष द्या, गेल्या वेळी मार तिथेच बसला होता. किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम हे आपल्याकडचं प्रमाण, म्हणजे तुम्हाला ६० ग्रॅमच्या जवळपास. वाटीभर पातळ वरणाने ते होत नाही. वरणात पाणी किती आणि डाळ किती हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. रोज एक घट्ट उसळ झालीच पाहिजे: मटकी, हुलगा, चवळी, हरभरा, कोरेगावकडचा घेवडा. वाटीभर उसळीतून ७-८ ग्रॅम प्रथिनं मिळतात, एका अंड्यातून ६. वाटीभर दही, दोन वेळचं ताक, पिठलं, हुलग्याचं माडगं, रविवारचं चिकन किंवा मासे असं जोडत गेलं की होतं. भाकरी-चपातीतही प्रथिनं असतात, तीही यात धरा. रविवारच्या मटणाला माझी ना नाही. रस्सा वाढताना पळीने वरचा कट बाजूला सारा आणि वाटी एकच घ्या. कट ज्याला हवा त्याला वाढा. घरात एकतरी असतोच.

उपासाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण सांगलीत गणपतीच्या देवळाच्या पंचक्रोशीत राहून संकष्टी करत नाही असं घर विरळा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, प्रथिनं नावाला. त्यात बटाटा, त्यात तूप, त्यात दाणे. चंद्रोदयानंतर वर पुन्हा मोदकांसह पूर्ण जेवण. असा उपास महिन्यातून एकदा झाला तर काही बिघडत नाही. गुरुवार, संकष्टी, दोन एकादश्या आणि श्रावणातले सोमवार असं धरलं तर तो उपास राहत नाही, तो वेगळा मेनू होतो. भगर आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, उकडलेलं रताळं, काकडीची कोशिंबीर, ताक; यात उपासही राहतो आणि पोटही. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असलेल्या घरच्या कुणी डॉक्टरांना न विचारता उपास करू नये, साखर खाली जाऊन चक्कर येते.

लिंबू-मधाचं गरम पाणी, जिऱ्याचं पाणी, दालचिनीचं पाणी यांनी चरबी वितळत नाही. पाणी म्हणून प्या. भिजवलेले बेदाणे "हलके" होत नाहीत. तासगावच्या नातेवाइकांकडून किलोने आले असले तरी रोज दहा-बारा पुरे. फेब्रुवारी-मार्चमध्ये घरात द्राक्षाची पेटी उघडी पडते, तेव्हा घड वाटीत घेऊन खा, पेटीजवळ उभं राहून नको. आणि वजन उतरवण्याच्या पावडरींचे डबे जे कुणी ओळखीतून विकायला आणतं, त्यांना चहा द्या आणि वाटेला लावा.

किती उतरेल? चहाच्या साखरेतले ८०, तेल ३६ ग्रॅमवरून २७ वर आल्याचे ८० आणि पातेल्यातले १३० मिळून रोजच्या २९० कॅलरी कमी झाल्या. किलोभर चरबीत ७७०० कॅलरी धरतात, म्हणजे कागदावर महिन्याला एक किलोच्या वर. अंगात हिशेब इतका सरळ चालत नाही, वजन उतरेल तसा वेग मंदावतो. सहा महिन्यांत ७२ चे ६७ झाले तर मी खूश आहे; तेवढ्यानेही रक्तदाब आणि साखर सुधारते. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, २९ आहे. भारतीयांसाठी २३ च्या वर वजन जास्त आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात, म्हणून ६७ ला थांबायचं नाही, पण पुढचं पुढे. वजन आठवड्यातून एकदाच, सोमवारी सकाळी, पोट साफ झाल्यावर. पाळीच्या आधी किंवा लोणचं-पापड जास्त झालं की किलोभर वाढलेलं दिसतं, ते पाणी असतं. कमरेला टेप लावा. बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत हवी. स्नायू वाढत असताना काटा हलत नाही आणि टेप हलतो, असं बरेचदा होतं.

हे सगळं करूनही तीन महिन्यांत काहीच हललं नाही, किंवा थकवा, केस गळणं, पाळी पुढे-मागे होणं असं असेल तर थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि तीन महिन्यांची सरासरी साखर तपासून घ्या. खरं तर ४३ व्या वर्षी सुरुवातीलाच तपासलेलं बरं. स्टेरॉइडच्या किंवा मानसिक आजाराच्या काही गोळ्यांनीही वजन वाढतं. त्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, डॉक्टरांना विचारायचं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर वर सांगितलेलं प्रथिनांचं प्रमाण तुम्हाला लागू नाही.

जिमचं. परवडत असेल आणि वेळ असेल तर जरूर लावा, वजनं उचलायला शिका, चाळिशीनंतरच्या बाईला त्याची गरज आहे. फक्त जिम लावली म्हणून पातेल्याचा तळ माफ होत नाही. नसेल जमत तर सकाळी आमराईत किंवा कृष्णेच्या घाटावर अर्धा तास भरभर चाला, आठवड्यातून पाच दिवस, आणि घरी खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस दहा-दहा वेळा. रात्री मिस्टरांचं जेवण झालं की त्यांनाही लगेच आडवं होऊ देऊ नका. दुकानात दिवसभर गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाचं पोट कसं असतं ते मी न बघताच सांगू शकते. दोघांनी गल्लीच्या टोकापर्यंत पंधरा मिनिटं जाऊन या, मग भांडी.